काचेचा चौथा कोपरा

ज्याला सगळे सावकाश मिस्त्री म्हणतात, तो नव्या माणसाचा हात बघत नाही, तोंड बघतो. काच उचलायला माणूस ठेवायचा म्हटल्यावर त्याचे दंड बघावेत, पंजा बघावा, असं कुणालाही वाटेल. मिस्त्रीचं म्हणणं वेगळं आहे. काच सुटते हातातून, पण पडते ती तोंड बंद राहिल्यामुळे. हे शहाणपण त्याला कुठून मिळालं, ते त्यानं चौदा वर्षांत कुणालाही सांगितलेलं नव्हतं.

त्या सोमवारी वर्कशॉपच्या मागच्या अंगणात त्याला चार तोंडं बघायची होती आणि त्यातलं एक निवडायचं होतं. गुरुवारी सकाळी नऊला नव्या नेत्ररुग्णालयाच्या दुसऱ्या मजल्यावर काच चढवायची होती. आठ फूट लांब, पाच फूट उंच, पंधरा मिलिमीटर जाड, वजन एकशेचाळीस किलो. लिफ्टमध्ये ती मावत नव्हती. बाहेरून क्रेननं आत घ्यावी, तर खिडक्यांच्या चौकटी पक्क्या बसून गेल्या होत्या. राहिला जिना. जिन्यावरून अशी काच चार माणसं नेतात, प्रत्येकाचा एक कोपरा. मिस्त्रीच्या टोळीतला चौथा कोपरा रिकामा होता. तो ज्याचा होता, त्या पैलवानाचं हर्नियाचं ऑपरेशन झालं होतं आणि यापुढे पाण्याच्या बादलीपेक्षा जड काही उचलायचं नाही, असं डॉक्टरांनी त्याला बजावलं होतं.

उरलेले तिघं म्हणजे मिस्त्री स्वतः, लांब्या आणि रेडिओ. लांब्या नावाप्रमाणे सहा फुटांच्या वर, बोलण्यात मात्र आखूड. रेडिओ सकाळी गेटातून आत शिरताना सुरू व्हायचा, तो संध्याकाळी गेटाबाहेर पडेपर्यंत. फक्त काच हातात असली की तो बंद असे. टोळीचा नियमच तसा होता. काचेखाली चारच शब्द चालत: उचला, चला, वळा, ठेवा. पहिले तीन शब्द मिस्त्रीनं बोलायचे. चौथा कुणीही, कधीही. एकानं ‘ठेवा’ म्हटलं की चौघांनी ठेवायचं. का, ते काच खाली टेकल्यावर विचारायचं.

माणसं नेमायला मालकीणबाईंनी सहा महिन्यांपूर्वी एक साहेब आणले होते. त्यांच्याकडे बारा प्रश्नांचा छापील कागद होता. तुम्हाला इतरांबरोबर काम करायला आवडतं का? सहकाऱ्याशी मतभेद झाला तर काय कराल? उत्तरांना एक ते पाच गुण. आदल्या आठवड्यात त्यांनी अकरा जणांना तो कागद भरायला लावला होता आणि सगळ्यात जास्त गुणांचे तिघं अंगणात पाठवले होते. चौथं नाव मिस्त्रीनं नापासांच्या गठ्ठ्यातून स्वतः उपसून काढलं होतं.

“त्या बाईंना मी पाचात एक दिलाय,” साहेब म्हणाले होते. “इतरांबरोबर काम करायला आवडतं का, विचारलं तर म्हणाल्या, नाही. माणसं फार बोलतात, मला एकटीनं काम करायला बरं वाटतं. हे कुणी मुलाखतीत सांगतं?”

“बाकीच्या दहा जणांनी काय सांगितलं?”

“फार आवडतं म्हणून सांगितलं.”

“दहाही जणांना?” मिस्त्रीनं विचारलं होतं, आणि कागद खिशात घातला होता.

अंगणात जुनी, कडा घासलेली एक काच भिंतीला टेकून ठेवलेली होती. तिच्या दोन थरांमध्ये चिकट पडदा असल्यामुळे ती फुटली तरी तुकडे उडत नसत. खाली जाड गाद्या पसरल्या होत्या. या गाद्यांवरून काच उचलून गेटापर्यंत न्यायची आणि परत आणायची, एवढीच परीक्षा. निदान उमेदवाराला तेवढंच सांगितलं जाई.

खरी परीक्षा स्टोअरच्या खिडकीत बसलेली होती. स्टोअर सांभाळणाऱ्या म्हाताऱ्याला सगळे उस्ताद म्हणत. एके काळी याच टोळीचा मुकादम तो होता आणि मिस्त्रीला काम त्यानंच शिकवलं होतं. त्याच्या डाव्या हाताची शेवटची दोन बोटं मिटत नसत. काचेवर चिकटवायचे रबरी कप त्याच्या ताब्यात होते. ताटलीएवढा कप काचेवर दाबायचा, बाजूचं बटण चार-पाच वेळा पंपासारखं आत ढकललं की आतली हवा निघून कप काचेला घट्ट धरतो. हवा परत शिरू लागली तर बटणाखालून लाल रेघ बाहेर डोकावते. उस्ताद रोज सकाळी सगळे कप एकेक करून तपासत असे. चौदा वर्षांत एक दिवसही त्यानं हे चुकवलं नव्हतं. त्यातला एक मात्र त्यानं मुद्दाम बिघडलेला ठेवला होता. त्याच्या रबराला केसाएवढी चीर होती. तो लावल्यावर साधारण चाळीस पावलांनी लाल रेघ दिसायला लागे आणि ऐंशी पावलांनी कप सुटे. त्याचं नाव ‘लबाड’. तो उमेदवाराच्या हाती द्यायचा.

“घ्या,” म्हणत उस्तादानं लबाड आणि एक चांगला कप मिस्त्रीच्या हातात दिला, तिसरा लांब्याच्या हातात दिला आणि चौथा खिडकीच्या फळीवर ठेवून दिला.

फळीवरचा तो रेडिओनं उचलला. “बघा,” तो लांब्याला म्हणाला, “सगळ्यांना हातात, मला फळीवर. मला काही खरूज झालीय का?”

उस्तादानं खिडकीचं दार ओढून घेतलं.

पहिला उमेदवार व्यायामशाळेतून थेट आल्यासारखा होता. चाळीसाव्या पावलाला लाल रेघ आली. मिस्त्री त्याच्या तोंडाकडे बघत होता. त्या तोंडावर रेघ दिसल्याचं स्पष्ट उमटलं. मग त्या तोंडानं ओठ मिटले, त्याच्या अंगठ्यानं रेघ झाकली आणि त्यानं दुसरा हात काचेखाली घालून सगळं वजन स्वतःच्या दंडावर घेतलं. गेटापर्यंत जाऊन परत आला, तेव्हा त्याच्या मानेच्या शिरा दोरीसारख्या ताठल्या होत्या.

साहेबांनी टाळी वाजवली. “वाचवली त्यानं! एकट्यानं वाचवली.”

“हो ना,” मिस्त्री म्हणाला. “आम्ही तिघं कशाला होतो मग?”

दुसरा उमेदवार दर चौथ्या पावलाला ‘ठेवा’ म्हणत होता, रेघ नसतानाही. त्याला पाणी पाजून परत पाठवलं.

तिसरा उमेदवार मिस्त्रीच्या बायकोचा धाकटा भाऊ होता.

तो सहा महिने बिनकामाचा, आणि चार महिने मिस्त्रीच्या घरी पुढच्या खोलीत मुक्कामाला होता. माणूस गोड. साहेबांच्या कागदावर त्याला साठातले अठ्ठावन्न. अंगणात पाय ठेवल्यापासून पाच मिनिटांत त्यानं लांब्यालासुद्धा हसवलं. काच उचलली, चाळीस पावलं झाली, रेघ आली. त्यानं ती पाहिली, आणि बोललाही. पण ‘ठेवा’ नाही बोलला.

“भावोजी, हा कप कुणी दिला हो मला? ओ स्टोअरवाले काका, हे काय दिलंत?” असं म्हणत तो खिडकीकडे वळून बघायला लागला. तो वळला तशी काच वळली. लांब्याचा पाय गादीवर मुरगळता मुरगळता राहिला.

“ठेवा,” मिस्त्री म्हणाला.

ठेवल्यावर मेहुण्यानं हात झटकले. “माझी काही चूक नाही बरं का. कपच खराब होता.”

“कप खराबच होता,” मिस्त्री म्हणाला.

चौथी ती बाई. वय चाळिशीच्या आसपास, बांधा बारीक, केस घट्ट बांधलेले. अकरा वर्षं एका मोठ्या रुग्णालयात वॉर्डात काम केलेलं. चादरीच्या चार टोकांना चार जण धरून पेशंटला एका खाटेवरून दुसऱ्या खाटेवर घेतात, ते तिचं काम. तो वॉर्ड बंद झाला म्हणून ती इथे आली होती. रेडिओनं तिला विचारलं, “ताई, पेशंट जड की काच?”

“काच कण्हत नाही,” ती म्हणाली. “म्हणजे जास्त लक्ष द्यावं लागणार.”

उचलली. बाईची नजर कपावरून काचेच्या कडेवर, कडेवरून समोरच्या लांब्याच्या हातावर, परत कपावर अशी फिरत होती. एकोणचाळिसाव्या पावलाला, रेघ अजून धाग्याएवढीच होती तेव्हा, ती नेहमीच्या आवाजात म्हणाली, “ठेवा.”

काच गादीवर टेकली. बाईनं हात लगेच काढला नाही. आधी बाकीच्या तिघांचे हात निघाल्याचं बघितलं. मग म्हणाली, “माझ्याकडचा कप सोडतोय. तुमचेही एकदा बघून घ्या. एकाच खोक्यातले असतील तर तेही गेलेले असायचे.”

उस्ताद स्टोअरच्या खिडकीचं दार किलकिलं करून बघत होता. त्यानं मान हलवली, एकदाच.

साहेबांचं मत पालटलं नाही. त्यांच्या केबिनमध्ये त्यांनी दोन कागद शेजारी शेजारी ठेवले, अठ्ठावन्न गुणांचा आणि एकोणीस गुणांचा. “मिस्त्री, मी तुमच्या अनुभवाचा मान राखतो. पण गादीवर काच फिरवून माणूस कळतो, हे मी मालकीणबाईंना कसं सांगू? आणि पहिल्याला तुम्ही कशाकरता नाकारलं, तर त्यानं काच पडू दिली नाही म्हणून!”

“त्यानं सांगितलं नाही म्हणून.”

“ठीक आहे. गुरुवारी त्या बाईंना घेऊन जा. मी तिथे असेन, रुग्णालयाचे ट्रस्टी पण असतील. काच नीट चढली तर पुढेही माणसं तुम्ही निवडा. काही गडबड झाली, तर ही अंगणातली परीक्षा बंद. माझा कागद आणि माझी निवड. चालेल?”

हे उंटावरून शेळ्या हाकणं होतं, पण उंट त्यांचा होता. मिस्त्री चालेल म्हणाला. जाता जाता त्यानं एक सुचवलं: “माझ्या मेहुण्याला पुढच्या दुकानात घ्या, गिऱ्हाइकांशी बोलायला. तिथे तो सोनं आहे.” साहेबांनी ते लिहून घेतलं.

घरी बायकोला हे पुरेसं वाटलं नाही.

“माझ्या भावाला दुकानात बसवणार, आणि त्या कोण कुठल्या बाईला तुमच्या शेजारी?” तिनं ताट समोर ठेवताना जरा आवाज करून ठेवलं. “अठ्ठावन्न मार्क पडले होते त्याला.”

“तो काचेखाली वळून बघतो.”

“एकदा सांगितलं असतं तर वळला नसता. सख्ख्या माणसाला एवढंही शिकवता येत नाही?”

पुढच्या खोलीतून मेहुणा म्हणाला, “ताई, जाऊ दे ना. मला तसंही जड उचलायचा कंटाळा आहे.”

“तू गप्प बस,” बहीण म्हणाली.

मिस्त्रीनं पाण्याचा पेला उचलला, डाव्या हातानं. बायकोनं ते बघितलं. ती गेले काही दिवस बघत होती. शर्टाची बटणं लावायला त्याला वेळ लागत होता, आणि परवा दाढीचं ब्लेड त्याच्या उजव्या हातातून दोनदा पडलं होतं.

“हाताला काय झालंय?”

“काही नाही.”

उजव्या अंगठ्याला चार महिने मुंग्या येत होत्या. अधूनमधून तो अंगठा दुसऱ्याच कुणाचा असल्यासारखा बधिर होई आणि पाच-दहा मिनिटांनी परत येई. हे टोळीत कुणाला माहीत नव्हतं. मिस्त्री सत्तेचाळीस वर्षांचा होता. दुसरं काही काम त्याला येत नव्हतं.

आणि इथे ती चौदा वर्षांपूर्वीची गोष्ट सांगायला हवी, कारण त्या तीन रात्री मिस्त्रीच्या डोक्यात ती सोडून दुसरं काही नव्हतं. तेव्हा तो टोळीत नवा होता. उस्तादानं त्याला स्वतःच्या शब्दावर घेतलं होतं, स्वतःच्या शेजारचा कोपरा दिला होता. एका कापड दुकानाची साधी काच, माडीवर न्यायची. वरच्या बाजूला रेडिओ आणि आणखी एक जण, तो पुढे काम सोडून गावी गेला. जिन्याचा चौक, वळणावरची सपाट जागा, तीन पायऱ्यांवर आला असताना मिस्त्रीचा हात हातमोज्याच्या आत घामानं घसरायला लागला. त्याला ते कळलं. एक शब्द बोलायचा होता. त्याला वाटलं, तीनच तर पायऱ्या आहेत. उस्ताद म्हणेल, ह्याला घेऊन फसलो. पहिल्या पायरीला तो बोलला नाही, दुसऱ्या पायरीला बोलला नाही, तिसऱ्या पायरीला काच गेली. उस्तादानं ती डाव्या हातानं अडवली.

नंतर ढिगाऱ्यात चारही कप सापडले. कुठला आधी सुटला ते कुणालाच सांगता येईना. मिस्त्री म्हणाला, “कुठलातरी कप सुटला असणार.” तेच कागदावर लिहिलं गेलं. उस्ताद स्टोअरमध्ये गेला आणि रोज सकाळी कप तपासायला लागला.

गुरुवारी नऊला दहा मिनिटं असताना काच रुग्णालयाच्या पायरीशी उभी होती. जिना रुंद, कठडा स्टीलचा, प्रत्येक मजल्याला मधे एक चौक. वरच्या चौकात साहेब आणि तीन ट्रस्टी उभे. मिस्त्रीनं जिना खालून वरपर्यंत दोनदा चढून मोजला. पायऱ्या चव्वेचाळीस. वरच्या बाजूला लांब्या आणि रेडिओ, खालच्या बाजूला तो आणि बाई. जिन्यात वजन खालच्यांवर येतं आणि काच सुटली तर तीही खालच्यांवरच येते. तो काचेच्या डावीकडे, उजवा हात कपावर. बाई उजवीकडे, डावा हात कपावर. दुसरा हात कडेखाली. खालच्या दोघांच्या आणि रेडिओच्या कमरेला दोरीनं रबर लावलेले लाकडी ठोकळे लटकत होते. मधेच ठेवायची वेळ आली तर काच पायरीवर नाही, ठोकळ्यांवर टेकवायची. अशी तापवून कडक केलेली काच मधोमध घणाचा घाव सोसते, पण कोपऱ्याला दगडी पायरीची टिचकी लागली तर सगळीच्या सगळी खडीसाखरेसारखी ओघळते.

“उचला.”

उचलली.

“चला.”

पहिल्या अकरा पायऱ्या नीट गेल्या. चौकात वळताना लांब्यानं कठड्यावरून हात उंच नेला, काच कठड्याला चाटून न जाता बोटभर अंतरावरून गेली. दुसऱ्या अकरा. पहिला मजला. इथे काच ठोकळ्यांवर टेकवून श्वास घ्यायचा, असं ठरलेलं होतं. घेतला. रेडिओ कपाळ पुसत म्हणाला, “डोळ्यांचं रुग्णालय आहे म्हणे. आधी वरच्या साहेबांचे तपासा, आपल्याकडे कसे बघतायत.” बाई हसली नाही, पण तिनं रेडिओकडे पाहिलं.

तिसऱ्या टप्प्याच्या तिसऱ्या पायरीला मुंग्या सुरू झाल्या.

पाचव्या पायरीला अंगठा गेला. दुखत नव्हता. तो नव्हताच. चार बोटांनी कप धरलेला मिस्त्रीला दिसत होता, पण धरल्यासारखं वाटत नव्हतं. कपाचं बटण आत होतं, लाल रेघ नव्हती. कप चांगला होता. उस्तादानं सकाळी स्वतः तपासून दिला होता. त्यानं कडेखालच्या डाव्या हातावर जोर वाढवला. काच केसभर त्याच्या बाजूला कलली. काचेपलीकडून बाईची नजर कडेवर आली, मग त्याच्या हातावर, आणि तिथेच थांबली.

सहावी. सातवी. आठवी.

चौकाला तीन पायऱ्या उरल्या होत्या.

वर साहेबांचे बूट दिसत होते. त्यांच्या शेजारी ट्रस्टींचे. माणसं निवडणारा माणूसच आता ‘ठेवा’ म्हणणार, त्यांच्या देखत, तोही चौक हातावर आला असताना. यापुढे अंगण बंद, लबाड बंद, कागद सुरू. आणि खुद्द त्याचा कोपरा? बधिर अंगठ्याच्या माणसाला त्यानं स्वतः तरी घेतलं असतं का? तीनच तर पायऱ्या. हा विचार आला तसा तो त्यानं ओळखला. शब्दन् शब्द तोच होता.

“ठेवा,” मिस्त्री म्हणाला.

आवाज फार मोठा निघाला नाही, पण काच त्याच पायरीवर थांबली. कुणी विचारलं नाही. बाईनं कडेखालचा हात काढून ठोकळा पायरीवर सरकवला, मग वाकून मिस्त्रीच्या कमरेचा ठोकळा ओढून त्याच्याही बाजूला लावला. वर रेडिओनं पायानं आपला ठोकळा जागेवर आणला. काच हळूहळू उतरली. रबर दबल्याचा आवाज आला.

“काय झालं?” वरून साहेब म्हणाले. “का थांबलात? मिस्त्री?”

ट्रस्टींपैकी एक जण म्हणाला, “फुटली का?”

चौघांपैकी कुणीही वर पाहिलं नाही. काच चारही बाजूंनी स्थिर आहे हे चौघांनी आपापल्या कोपऱ्यावरून बघितलं. मग मिस्त्रीनं कपावरून हात काढला. बोटं तशीच वाकलेली राहिली.

“माझा अंगठा गेला,” तो म्हणाला. “आपोआप. धरतो की नाही ते कळत नाही.”

“हे कधीपासून?” बाईनं विचारलं.

“आज पहिल्यां—” मिस्त्री थांबला. “चार महिने.”

“तरीच,” रेडिओ म्हणाला. “चहा डाव्या हातानं पितोस. मला वाटलं, घरी कुणी नजर काढली.”

बाईनं एका हातानं काच सावरत दुसऱ्या हातानं त्याचं मनगट धरलं, आतल्या बाजूला दोन बोटांनी दाबलं. “इथे दाबलं की झिणझिण्या येतात? बोटांपर्यंत?” तो हो म्हणाला. “शीर दबलीय. औषध आहे याच्यावर. वॉर्डात शंभर बघितलेत. पण आता या हातानं नाही धरायचं.” मग तिनं काचेकडे बघितलं, जिन्याकडे बघितलं. “तुमचा डावा हात चांगला आहे ना? मग बाजू बदलू. तुम्ही माझ्या बाजूला या, तिथे कपावर डावा हात येतो. मी तुमच्या बाजूला जाते.”

“दोघं एकदम काच सोडणार?” लांब्या म्हणाला. त्या दिवसातलं ते त्याचं पहिलं वाक्य होतं.

“एकदम नाही,” ती म्हणाली. “आधी ते येतील. ते धरतील. मग मी सुटेन. तोवर तुम्ही दोघं वरून पेलायचं.”

मिस्त्री खालून वळसा घालून तिच्या बाजूला आला. त्यानं डावा पंजा तिच्या हाताच्या शेजारी ठेवला, बोटं आवळली. या हाताला सगळं कळत होतं, रबराचा खरबरीतपणा, तिच्या हाताची ऊब उतरलेली मूठ. “धरलं,” तो म्हणाला. तेव्हा तिनं सोडलं. ती पलीकडे गेली, बटण दोनदा दाबून बघितलं आणि म्हणाली, “धरलं.”

काचेखालच्या चार शब्दांत हा नव्हता; हा पाचवा.

“उचला.”

नववी पायरी. दहावी. अकरावी. चौक.

पावणेबाराला काच खाचेत बसली. एका ट्रस्टीनं तिच्यापुढे उभं राहून आपला टाय सारखा केला. साहेबांनी मिस्त्रीला खिडकीशी बाजूला घेतलं.

“ते मधलं थांबणं ठरलेलं होतं का?”

“होतं, साहेब,” मागून रेडिओ म्हणाला. “काचेला श्वास द्यावा लागतो.”

“ठरलेलं नव्हतं,” मिस्त्री म्हणाला. “माझा हात गेला होता.”

साहेबांनी काचेकडे बघितलं. “आणि तुम्ही सांगितलंत,” ते म्हणाले, जरा न समजल्यासारखे. मग म्हणाले, “काच तर चढली. बोलल्याप्रमाणे माणसं तुम्ही निवडा. पण हाताचा दाखला आणल्याशिवाय तुम्ही उचलायचं नाही.” साहेबांची ती अट मिस्त्रीनं स्वतःही घातली असती.

दुपारी वर्कशॉपात परतल्यावर त्यानं चारही कप स्टोअरमध्ये नेले. उस्ताद टेबलावरच्या काचपट्टीवर ते एकेक लावून बघायला लागला. परत आलेला कपही तपासायचा, ही त्याची रीत.

“सगळे चांगले आहेत,” मिस्त्री म्हणाला. “आज माझा हात सुटत होता.”

“ऐकलं. लांब्यानं सांगितलं. बोललास ना?”

“आज बोललो.” मिस्त्री उभाच होता. “तेव्हा नव्हतो बोललो. कापड दुकानात. कप सुटला नव्हता, उस्ताद. माझा हात घसरत होता. मला कळत होतं.”

उस्तादानं कप काचपट्टीवरून सोडवला. हवा शिरल्याचा छोटा आवाज झाला.

“किती आधी कळलं?”

“तीन पायऱ्या.”

“तीन पायऱ्या म्हणजे बराच वेळ असतो,” उस्ताद म्हणाला.

उस्तादानं दुसरा कप घेतला, लावला, बटण दाबलं, रेघेकडे बघत बसला. तो बोलला तेव्हा मिस्त्रीकडे बघून बोलला नाही.

“कप चांगले होते, ते मला पहिल्याच महिन्यात समजलं. चारही परत परत लावून बघितले. एकही सुटेना. म्हणजे हात. माझा नव्हता. तुझा नसेल, तुला मी निवडला होता.” त्यानं न मिटणारी दोन बोटं टेबलाच्या कडेला टेकवली. “मग मी ठरवलं, त्या बडबड्याचा. जिन्यात त्याचं लक्ष नसणार म्हटलं. चौदा वर्षं त्याच्या हातात मी कप दिलेला नाही.”

मिस्त्रीला फळी आठवली. सगळ्यांना हातात, मला फळीवर. चौदा वर्षं रोज सकाळी त्यानं हे बघितलं होतं, आणि म्हाताऱ्याच्या लहरी म्हणून सोडून दिलं होतं.

“मी त्याला सांगतो,” मिस्त्री म्हणाला.

“तू सांगच. आणि आधी त्याला सांग, मग मला काय म्हणायचंय ते मी तुला म्हणेन. माझंही आहे म्हणायचं बरंच. पण आधी त्याला.”

अंगणात रेडिओ गाद्या उन्हात घालत होता आणि नव्या बाईला, लांब्या एकदा आपल्याच टेपनं आपली उंची मोजताना कसा पडला, ते सांगत होता. बाई गादीचं दुसरं टोक धरून ऐकत होती. फार बोलणारी माणसं तिला आवडत नसत, पण टोक तिनं सोडलं नव्हतं.

“रेडिओ,” मिस्त्री म्हणाला.

“बोल. काय, दाखला मिळाला का?”

“गादी ठेव जरा खाली.”

रेडिओनं त्याच्या तोंडाकडे बघितलं. नेहमीसारखं काही बोलायला त्याचे ओठ उघडले होते, ते मिटले. त्यानं बाईकडे पाहिलं, तिनं मान हलवली, आणि दोघांनी गादी एकदम खाली ठेवली.

“का ते आता सांग,” रेडिओ म्हणाला.

मिस्त्रीनं सांगायला सुरुवात केली. मागे स्टोअरच्या खिडकीचं दार उघडंच होतं.